अष्टमीचा उपास

रुपरावच्या आजाराचा सुगावा घरात सगळ्यांच्या आधी मुंग्यांना लागला.

चोपन्न सालचा श्रावण होता. तांडापेठेत विणकामावर जगणाऱ्या या कोष्ट्याच्या घरामागं मोरी होती. मोरीच्या कडेला, जिथं रुपराव हल्ली रात्रीतून चार-चारदा उठून जायचा, तिथं सकाळी काळ्या मुंग्यांची रांग लागलेली असायची. त्याची बायको भागीरथा रोज तांब्याभर पाणी ओतून त्यांना घालवायची आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा हजर. तिला वाटायचं, कुठं तरी गुळाचा खडा सांडला असेल.

रुपराव सत्तावीस वर्षांचा, अंगानं उभा, मागावर बसला की गल्लीत सगळ्यात शेवटी उठणारा. त्या दोन महिन्यांत त्याच्या गळ्याची हाडं वर आली. तहान तर अशी, की तांब्या तोंडाला लावायचा तो रिकामा करूनच खाली ठेवायचा. भूकही लागायची, पण खाल्लेलं जायचं कुठं, कळत नव्हतं. धोटा फेकता फेकता त्याचा हात मध्येच गळून पडायचा आणि लुगड्याचा काठ अर्ध्यावर थांबायचा.

"कोणाची तरी नजर लागली वं माझ्या रुपाले," त्याची आई जनाबाई म्हणायची. तिनं मीठ-मिरच्या ओवाळल्या, दंडाला काळा दोरा बांधला, ताजुद्दीनबाबाच्या दर्ग्यात नारळ देऊन आली. पोळ्याच्या आदल्या दिवशी रुपराव पाय सोडून बसायच्या मागाच्या खड्ड्यातून वर येता येता कोसळला. श्वास धपापत होता आणि तोंडाला सडक्या फळासारखा वास येत होता. शेजारच्या महादेवरावांनी त्याला सायकलरिक्षात घातलं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडले. डॉक्टरांनी सासू-सुनेला बाजूला बोलावून सांगितलं, "मधुमेह आहे. या वयात झालेला. सुई रोज घ्यावी लागेल, जन्मभर. घेतली तर माणूस चारचौघांसारखा काम करील, संसार करील." न घेतली तर काय, ते डॉक्टर बोलले नाहीत, आणि दोघींपैकी कोणी विचारलंही नाही.

वॉर्डात यमुताई नावाची नर्स होती. पन्नाशीची, जाड भिंगाचा चष्मा लावणारी, आवाजानं कडक. तिनं खाटेजवळ येऊन विचारलं, "औषध इथून मिळेल. पण घरी सुई कोण देणार?"

रुपरावनं भिंतीकडे तोंड फिरवलं. जनाबाई म्हणाली, "आमच्यात कोणी सुया टोचत नाही. देवीनं देल्ला, देवी राखीन."

"मी देतो," भागीरथा म्हणाली.

ती बावीस वर्षांची होती. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आपण हे कसं काय बोललो, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. यमुताईनं मात्र तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि खिशातून एक लिंबू काढून तिच्या हातात दिलं.

पुढचे आठ दिवस भागीरथा लिंबाला सुया टोचत होती. सुई कशी उकळायची, औषध कोणत्या रेघेपर्यंत ओढायचं, हवा कशी काढायची, मांडीची चिमूट कशी धरायची. यमुताई एकेक गोष्ट दहादा करून घ्यायची. आणि शेवटी रोज बजावायची, "सुई दिली की अर्ध्या तासात त्यानं जेवलंच पाहिजे. न जेवता राहिला, फार चालला, तर साखर एकदम उतरते. मग हात थरथरतात, थंडगार घाम सुटतो, माणूस बरळतो, भांडतो, ओळख विसरतो. तेव्हा घाबरायचं नाही. गूळ, साखर, हाताला येईल ते गोड तोंडात घालायचं. समजलं?"

"गोड तर बंद केलं ना, ताई?"

"बाकीच्या वेळी बंद. त्या वेळी तेच औषध."

जनाबाई या सगळ्या वेळात पाठ करून बसलेली असायची, हातात तुळशीची माळ. सुईकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

साखर किती आहे हे घरीच पाहायची रीतही यमुताईनं शिकवली. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, विटकरी झालं तर फारच. यमुताईनं नळी उजेडात धरून विचारलं, "हा कोणता?"

"हा मेंदीचा," भागीरथा म्हणाली.

"अगं, हिरवा म्हण."

"हिरवा कालचा होता, ताई. कच्च्या चिंचेवाणी. हा मेंदीचा, यात पिवळं जास्त हाय. परवाचा मोरपंखी होता, तो याच्याहून चांगला."

भागीरथेचं माहेर उमरेडचं. बाप घरीच सूत रंगवायचा, आणि लेक पाचव्या वर्षापासून त्याच्या हंड्याजवळ बसून वाढलेली. यमुताईच्या कागदावर चार रंग होते. हिच्या डोळ्यात चौदा. यमुताई आधी हसली, मग डॉक्टरांना बोलावून आणलं. लिहिता येत नाही म्हणून भागीरथेनं घरी गेल्यावर आपलीच तजवीज केली. सुताच्या तुकड्यांतून त्या त्या रंगाचा धागा निवडायचा आणि एका लांब दोरीला रोज दोन गाठी मारायच्या, एक सकाळची, एक संध्याकाळची. शनिवारी ती दोरी घेऊन दवाखान्यात जायची. डॉक्टर ती बोटांतून सरकवत बघायचे आणि सुईचं माप ठरवायचे.

घरी पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. हात बसावा म्हणून भागीरथा अंगणात लिंबाला सुई टोचत होती, ते भिंतीपलीकडून कोणी पाहिलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं, की रुपरावची बायको लिंबात सुया खुपसून नवऱ्यावर करणी करते. जनाबाईनं ते नळावर ऐकलं. घरी येऊन तिनं ते लिंबू उचललं, चुलीत टाकलं, आणि सुनेशी चार दिवस बोलली नाही.

औषधाच्या बाटलीला थंडावा हवा होता. भागीरथेनं माठाखालच्या ओल्या वाळूत एक लहान मडकं पुरून बाटली त्यात ठेवली. त्या मडक्याला जनाबाई हात लावत नव्हती. पण कधी वाळू सुकली असेल तर कोणी तरी तिच्यावर पाणी शिंपडून गेलेलं असायचं, आणि घरात तर तीनच माणसं.

भादव्यात रुपराव पुन्हा मागावर बसू लागला. आधी अर्धा दिवस, मग पूर्ण. अंग भरलं, पण माणूस काही परत आला नाही. पहिल्यासारखा मागावरून गुणगुणायचा नाही, बायकोशी थट्टा करायचा नाही. सुईच्या वेळी मांडी पुढं करायचा आणि छताकडे पाहायचा.

एका संध्याकाळी नळी उकळली आणि रंग निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा होत होत थेट विटकरी झाला.

"काय खाल्लं?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"इतवारीच्या बाजारात गेले होते ना? काय खाल्लं?"

"जिलेबी खाल्ली. चार. सूतवाल्या विश्वनाथनं देल्ली. आता बांध गाठ आपल्या दोरीले." रुपरावचा आवाज चढला. "मी नवरा हाय का चोर वं? तू बायको हाय का पोलीस? माणसानं मुताले गेलं तरी तू मागून नळी घेऊन उभी!"

त्यानं नळी तिच्या हातातून ओढली आणि भिंतीवर आपटली.

भागीरथेनं केरसुणी घेतली. काचा वेचल्या, जमीन पुसली. दुसऱ्या दिवशी एकटीच दवाखान्यात जाऊन दुसरी नळी मागून आणली. यमुताईनं कशी फुटली म्हणून विचारलं, तर म्हणाली, हातातून सुटली. परतताना तिला रडू आलं ते नळीपायी नव्हतं. तो जे बोलला त्यात खोटं काही नव्हतं, हे तिला टोचत होतं. सकाळी उठल्यावर ती आधी नळीकडे पाहायची आणि मग त्याच्या तोंडाकडे.

मग नवरात्र आलं. जनाबाईनं घट बसवले आणि नऊ दिवसांचा कडक उपास धरला. दिवसातून एकदा दूध आणि एक केळ, बस. असा उपास तिनं आयुष्यात धरला नव्हता. पहिल्या दिवशी घटासमोर बसून ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माय, माझ्या लेकाची सुई सोडव. अष्टमीले पायी येतो कोराडीले तुझ्या देवळात, त्याले घेऊन."

भागीरथेनं रुपरावला बाजूला गाठून विचारलं, "एवढं चालणं झेपीन का?"

"आईची इच्छा हाय," तो म्हणाला. "अन् मले काय झालं? मी का म्हातारा हाय?"

"मग न्याहारी करूनच निघायचं. सुईवर उपाशी नाही राहायचं. उपास तुमच्यासाठी नाही."

"हो ना वं. किती वेळा सांगशीन?"

अष्टमीच्या सकाळी उजाडता उजाडता तिनं सुई दिली, ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढली आणि घागर घेऊन नळावर गेली. परत आली तेव्हा ताट रिकामं होतं. तिनं ते घासून पालथं घातलं, आणि तिघं निघाली.

छिंदवाड्याच्या सडकेवर माणसांची रीघ लागली होती. बाया डोक्यावर परड्या घेऊन, माणसं खांद्यावर लेकरं घेऊन, कुठं ढोलकी, कुठं झांजा. ऊन चढत होतं. आठ दिवसांची उपाशी जनाबाई सगळ्यांच्या पुढं, अनवाणी, झपझप. रुपरावही आज मोकळा दिसत होता. एका वळणावर त्यानं मागं वळून भागीरथेला हाक मारली, "थकली का वं? उचलून घेऊ?" लोक हसले. भागीरथेनं पदर तोंडावर ओढला, पण तिला फार बरं वाटलं. कित्येक दिवसांनी तो तिच्याशी असा बोलला होता.

मानकापूर मागं पडलं. मग आणखी कोसभर. आता रुपराव मागं पडू लागला. भागीरथेनं पाहिलं, त्याची पावलं वाकडी पडत होती.

"अवो, थांबा जरा. पाय लटपटून राहिले तुमचे."

"कोणाचे पाय? तुझ्या बापाचे?" तो खेकसला आणि मग उगाचच हसला. बायकोच्या बापाबद्दल असा शब्द त्यानं कधी काढला नव्हता. तिनं हात धरायला पाहिलं तर त्यानं झिडकारला, सडकेच्या मधोमध गेला आणि बसकण मारली. डोकं गरगर फिरू लागलं, ओठ हलू लागले, कपाळावरून घाम निथळू लागला.

"अंगात आलं!" मागून एक बाई ओरडली. "देवी आली, देवी!"

डोळ्याची पापणी लवते न लवते तोच गर्दी झाली. कोणी त्याच्या कपाळाला हळदीकुंकू फासलं, कोणी कापूर पेटवला, ढोलकीवाला समोर येऊन जोरात वाजवू लागला. एका म्हाताऱ्यानं पायावर डोकं ठेवून विचारलं, "माय, पोराले गिरणीत काम लागीन का?"

"माग..." रुपराव पुटपुटला. "माग... माग..."

"मागा म्हणते!" म्हातारा ओरडला. "देवी म्हणते, मागा!"

भागीरथा गर्दीबाहेर फेकली गेली होती. तिला तो शब्द ऐकू आला आणि एकटीला कळला. तो देवीचा शब्द नव्हता. तिच्या नवऱ्याच्या बुडत्या डोक्यात घरचा माग चालू होता. तिनं कोपरं मारत वाट काढली. आत पाहते तर जनाबाई लेकाच्या पायाशी पदर पसरून बसलेली. "माय, आलीस. सुई सोडव. माझ्या लेकाची सुई सोडव."

"आत्याबाई!" भागीरथा तिच्या शेजारी गुडघ्यावर बसली. "ही देवी नाही. साखर उतरली यायची. गोड द्या, लवकर!"

"गोड?" जनाबाई फिरली. "लाज हाय का तुले? गोड त्याले जहर हाय म्हणून तूच घरभर सांगत फिरतं! देवीसमोर त्याच्या तोंडात जहर घालतं?"

"यमुताईनं सांगितलं होतं—"

"तुझी यमुताई!"

"अवं बाई, मागं हो," कोणी तरी भागीरथेचा दंड धरून ओढलं. "देवीले शिवू नको."

भागीरथेनं सासूचा हात धरला. सासूचा हात असा धरायची तिची ही पहिलीच वेळ. "देवी असन तर असन, आत्याबाई. मी काही बोलत नाही. तुमी फक्त त्यायच्या अंगाले हात लावून पाहा. एकदाच. तुमचं लेकरू हाय. तुमाले कळीन."

ढोलकी वाजत होती. जनाबाईनं सुनेकडे पाहिलं, मग लेकाकडे. हळूच हात पुढं करून तिनं त्याच्या मानेला लावला. भर उन्हात ती मान माठाच्या बाहेरच्या अंगासारखी गार आणि ओली होती. तिनं त्याची हनुवटी वर केली. डोळे उघडे होते, पण आईला ओळखत नव्हते. हात पिंपळाच्या पानासारखे थरथरत होते.

जनाबाई उठली. शेजारच्या बाईच्या परडीत गुळाचा खडा आणि बत्तासे होते. तिनं मूठ भरून उचलले.

"अवं, नैवेद्य हाय तो!" बाई किंचाळली. "चढला नाही अजून!"

"माझं लेकरू खाईन आधी," जनाबाई म्हणाली. "देवीले काय सांगायचं ते मी सांगतो. बंद कर रे ती ढोलकी!"

तिनं रुपरावचं डोकं आपल्या छातीशी घट्ट धरलं. भागीरथेनं गूळ बोटांनी चुरून त्याच्या गालाच्या आत लावला, वरून चूळभर पाणी दिलं, पुन्हा लावला. तो तिच्या बोटाला चावला. तिनं बोट काढलं नाही. मग बत्तासा, पाण्यात विरघळवून. गर्दी पांगू लागली. ढोलकीवाला आधी गेला, मग एकेक जण. परडीवाली बाई मात्र जागची हलली नाही; उरलेले बत्तासेही तिनं पुढं केले.

किती वेळ गेला, कोण जाणे. मग रुपरावनं मान उचलली.

"आई?" तो म्हणाला. "एवढी माणसं काहून जमली?"

त्याच्या कपाळावरचं कुंकू जनाबाई पदरानं पुसत राहिली, ते केव्हाच पुसलं गेलं होतं तरी.

सडकेपासून थोडं आत एक झोपडी होती, पुढं कडूनिंबाची सावली. तिथल्या म्हातारीनं सगळं पाहिलं होतं. तिनं तिघांना सावलीत बसवलं आणि दोन भाकरी, अंबाडीची भाजी आणून ठेवली. यमुताईनं सांगितलेलं भागीरथेला आठवत होतं, की गोडानं माणूस सावध झाला की मग त्याला पोटभर जेवू घालायचं, नाही तर पुन्हा तेच. तिनं भाकर पुढं केली.

रुपरावनं तोंड फिरवलं. "आज अष्टमी हाय. आई आठ रोजची उपाशी, माझ्यासाठी. अन् मी तिच्या समोर जेवू?"

"सकाळी तर जेवले ना?" भागीरथा म्हणाली. आणि बोलता बोलताच तिला समजलं. "ताट..."

"गाईले टाकली भाकर," तो खाली पाहत म्हणाला. "मले वाटलं, एक दिवस. एक दिवस पाहू तरी मी कोण हाय. सुईवाला, का पहिल्यासारखा."

भागीरथेला राग आला. असा राग, की हातातली भाकर त्याच्या अंगावर फेकावी. पण त्याच्या आधी जनाबाईनं ती तिच्या हातातून घेतली. एक तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि स्वतःच्या तोंडात घातला. सावकाश चावला. गिळला.

"आई!" रुपराव दचकला. "उपास..."

"मोडला," जनाबाई म्हणाली. "मी जेवली. आता तू जेव."

तो जेवला. तिघंही जेवली. भाजी आंबट होती, भाकर थोडी करपलेली, पण दोन्ही संपली, आणि म्हातारीनं आणखी एक आणून दिली.

जेवण झाल्यावर जनाबाई हात धुवायला गेली आणि झोपडीच्या ओट्यावर म्हातारीशी बोलत बसली. भागीरथा आणि रुपराव सावलीत दोघंच उरले. तिच्या बोटावर त्याच्या दातांचे वळ उठले होते. त्यानं ते पाहिले, बोट हातात घेतलं.

"मी केलं हे?"

"देवीनं केलं," ती म्हणाली, आणि दोघांनाही एकदम हसू फुटलं. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती म्हणाली, "तुमी मले पोलीस म्हटलं ना, ते खरं हाय. मी रोज आधी नळी पाहतो, मग तुमाले पाहतो. मले भेव वाटते. झोपेत तुमचा श्वास मोजतो मी. पण तुमी मले खोटं सांगान, तर मी काय पाहू? रिकामं ताट पाहून मी निश्चिंत होती आज."

रुपरावनं कडूनिंबाची खाली पडलेली काडी उचलून मोडली. "मले लाज वाटते वं," तो म्हणाला. "मांडी उघडी करून तुझ्यासमोर बसतो, लहान पोरावाणी. बायकोनं नवऱ्याले..."

"मग तुमीच घ्या. यमुताई शिकवते. मी लिंबावर शिकली, तुमी तर हजार धाग्यांतून तुटलेला एक धागा शोधता."

"मले येईन?"

"मले येते तर तुमाले काहून नाही येणार?"

"अन् खोटं नाही बोलणार," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "जिलेबी खाल्ली तर सांगीन."

"खाऊच नका ना!"

"खाल्ली तर सांगीन," तो पुन्हा म्हणाला, आणि यापेक्षा जास्त मागायचं नाही हे तिला कळलं.

जनाबाई परत आली. "चला," ती म्हणाली. "देवी वाट पाहून राहिली असन."

"आत्याबाई," भागीरथेनं चालता चालता विचारलं, "तुमी एकदम गूळ काहून उचलला? माझं ऐकतान असं वाटलं नव्हतं मले."

"तुझं कोण ऐकते," जनाबाई म्हणाली. चार पावलं पुढं गेल्यावर तिनं मागं न पाहताच सांगितलं, "थरथर, थंडा घाम, बरळते, ओळख विसरते. त्या चष्मेवालीनं आठ दिवस हेच घोकलं. मी पाठ करून बसली होती, बहिरी नव्हती."

पोचायला दुपार टळली. देवळात गर्दी होती. रुपराव बाहेर पारावर बसला, सासू-सुना रांगेत लागल्या. गाभाऱ्यापुढं आल्यावर जनाबाईनं हात जोडले. मागं ढकलाढकल चालली होती, तरी तिचं बोलणं भागीरथेला स्वच्छ ऐकू आलं. जनाबाई देवीशी शेजारणीशी बोलावं तशी बोलत होती. "सुई सोडव म्हटलं होतं, ते राहू दे. उपास मोडला, तो माझ्या नावावर धर. सुई राहू दे, माय. लेक राहू दे."

परतीला तिघंही बसनं आली.

त्या शनिवारी तिघंही दवाखान्यात गेली. झालेलं सगळं ऐकून डॉक्टर रुपरावला रागावले, अगदी भर वॉर्डात, आणि त्यानं ते खाली मान घालून ऐकून घेतलं. मग यमुताईनं त्याला बाकावर बसवलं. पहिल्या वेळी सुई वाकडी गेली, दुसऱ्या वेळी त्याला घेरी आली. तिसऱ्या वेळी त्यानं डोळे उघडे ठेवून सुई घेतली आणि विजयी चेहऱ्यानं इकडं तिकडं पाहिलं. भागीरथा मुद्दाम खिडकीबाहेर पाहत होती.

जनाबाईनं त्या दिवशी पहिल्यांदा यमुताईला सरळ प्रश्न केला. "बाई, खरं सांगा. किती वर्षं जगीन माझा लेक?"

यमुताईनं चष्मा काढून पुसला. "ते मला माझंही सांगता येत नाही, आई. पण असं सांभाळलंत तर पुष्कळ."

एवढ्यावर जनाबाईचं समाधान झालं असावं. कारण त्यानंतर सुई उकळायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं आणि त्यात सुनेला हात लावू देईना. पाणी किती वेळ उकळायचं यावरून दोघींचं रोज वाजायचं. रुपराव मागावरून ओरडायचा, "अवं, सुई उकळून राहिल्या का डाळ?"

सगळं सुतासारखं सरळ झालं असं मात्र नाही. कार्तिकात पुन्हा एकदा नळी विटकरी झाली. पण या वेळी भागीरथेनं विचारायच्या आधी रुपराव म्हणाला, "दोन लाडू. महादेवरावकडे. सांगून राहिलो." तिनं कपाळाला हात लावला आणि गाठ मारली. पौषात त्याच्या पायाला जखम झाली, ती भरायला महिना लागला. त्या महिन्यात घरात कोणी मोठ्यानं हसलं नाही. मग तीही भरली.

माघात उमरेडहून निरोप आला. भागीरथेच्या भावाचं लग्न ठरलं होतं, बोलणी पक्की करायला जावईबापूंनी यावं. जनाबाईला ताप होता, म्हणून भागीरथेला घर सोडता येईना.

"मी एकटा जातो," रुपराव म्हणाला. "दोन दिवसांचं काम हाय."

भागीरथेच्या ओठांवर 'नको' आलं होतं. ते तिनं गिळलं. आजारापासून तो एक दिवसही तिच्या नजरेबाहेर राहिला नव्हता. सकाळी त्यानं आपल्या हातानं डबा भरला. सुई, बाटली ओल्या फडक्यात, स्पिरिटचा दिवा, कापूस. खिशात गुळाचा खडा. भागीरथेनं शिदोरी बांधून दिली आणि इतवारीच्या स्टेशनापर्यंत सोबत गेली. छोटी गाडी धूर सोडत उभी होती.

"पोचल्यावर कार्ड टाकू का?" त्यानं खिडकीतून विचारलं.

"कशाले? कार्डाच्या आधी तुमीच येऊन राहिले ना घरी."

"मग काय आणू उमरेडहून?"

"बाबांना म्हणा, जांभळं सूत द्या चार लडी. नव्या लुगड्याचा काठ जांभळा टाकू."

गाडी सुटली. ती दिसेनाशी होईपर्यंत भागीरथा उभी राहिली नाही. मध्येच वळली आणि बाजारातून मेथीची जुडी घेऊन घरी आली. सासूचा ताप उतरला होता. दोघी जेवल्या. दुपारी भागीरथा चटईवर जरा आडवी झाली, ती उन्हं कलेपर्यंत झोपली, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच अशी निवांत. मधून एकदा जनाबाई आली, सुनेच्या अंगावर चादर टाकली, आणि नळाला पाणी आलं तेव्हा घागर घेऊन आपणच गेली.